शब्दाला काय घेता?

तुम्हाला भाषा आवडतात. ऐकून वाईट वाटलं. घरात आधी कुणाला होतं का? असेल एखाद्या आजोबांना. त्यांचे कागद घरच्यांनी नंतर रद्दीत घातले असतील. लक्षणं ठरलेलीच असतात. लोकलमध्ये शेजारच्या दोघी तुळूत भांडत असल्या की तुमचं स्टेशन चुकतं. हॉटेलात मेन्यूकार्ड आलं की तुम्ही पदार्थ सोडून शुद्धलेखन वाचत बसता आणि वेटर तुम्हाला फक्त चहा हवा आहे असं समजून निघून जातो.

यावर औषध नाही. पण जे बरं होत नाही त्याचं दुकान टाकावं, असा हल्ली रिवाज आहे. तेव्हा धीर सोडू नका. अनुवादाचं दुकान टाकण्याची ही मार्गदर्शिका फक्त नवशिक्यांसाठी आहे. जुन्यांना तिची गरज नाही, ते केव्हाच इस्टेट एजंट झाले.

१. जागा कुर्ल्यातच घ्या.

काळा घोड्याला जाऊ नका. तिथे मॅक्सम्युलर भवन आहे, एसी आहे, आणि भाषेवर प्रेम करणारी माणसं आहेत. प्रेम करणारं गिऱ्हाईक धंद्याला वाईट; ते पैसे देत नाही, चर्चा करतं. आपल्याला हवा अडलेला माणूस, आणि तो कुर्ल्यात मुबलक आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसवर नेत्रावती मल्याळम उतरवते, मत्स्यगंधा तुळू, कन्नड आणि कोकणी घेऊन येते, गोदान भोजपुरी, पवन मैथिली. बाजारात उर्दू, ख्रिश्चन गावात ईस्ट इंडियनांची मराठी. आणि कलिन्याला, पायी जाण्याच्या अंतरावर, मुंबई विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, रशियन, अरबी, फारसीपासून भाषाविज्ञानापर्यंतचे विभाग झाडांच्या सावलीत उभे आहेत. तिथून दरवर्षी तुमचे प्रतिस्पर्धी पदवी घेऊन बाहेर पडतात. घाबरू नका, ते बँकेच्या परीक्षा देतात.

खरा प्रतिस्पर्धी टर्मिनसबाहेरचा रिक्षावाला. तो या सगळ्या गाड्यांच्या सगळ्या उतारूंशी एकाच हिंदीत भांडतो आणि सगळ्यांना भाडं बरोबर कळतं.

गाळा शक्यतो सीएसटी रोडवर नको. हे सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ साली ट्रॉम्बेहून अंधेरीला जाणारी ही छोटी रेल्वे सुरू झाली आणि सांताक्रूझच्या विमानतळासाठी १९३४ साली गुंडाळली गेली. रस्त्याला नाव तेवढं राहिलं. ही माहिती तुम्हाला फार रंजक वाटते, हे मला माहीत आहे. गिऱ्हाईक मात्र बोरीबंदरला उतरून फोन करतं आणि विचारतं, ‘कुठल्या प्लॅटफॉर्मच्या बाजूला?’

गाळाही खरं तर नकोच. झेरॉक्सच्या दुकानात, लॅमिनेशन मशीनच्या शेजारी एक खुर्ची भाड्याने घ्या. तुमच्याकडे येणारा माणूस मुळात झेरॉक्सलाच आलेला असतो.

२. पाटी लावा. मराठीतच लागते.

कायदा तुमच्या बाजूचा आहे असं इथे वाटेल. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि छोट्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली; मराठी अक्षरं आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापारी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ती संपल्यावर पालिकेचे निरीक्षक निघाले.

भाषाप्रेमी माणसाला अशा वेळी हुरूप येतो. हजारो दुकानं, प्रत्येकाला मराठी नाव हवं, म्हणजे आपली दिवाळी! तुम्ही वहीत सुंदर सुंदर नावं काढून एलबीएस मार्गावरच्या मोबाइलवाल्याकडे गेलात तर तो तुम्हाला बसवेल, कटिंग पाजेल, आणि ‘स्टायलो मोबाइल अ‍ॅक्सेसरीज अँड रिपेरिंग’ हेच देवनागरीत हवं असल्याचं सांगेल. मग विचारेल, ‘पीछे लाइट लगेगा क्या?’ त्या मोसमात पैसे फ्लेक्सवाल्याने कमावले. त्याचा भाव चौरस फुटाला असतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घ फुकट येतं, जसं पडेल तसं.

३. भाषा मोजत बसू नका, छापा.

येत असतील त्या लिहा. शेवटी ‘व सर्व भारतीय आणि परदेशी भाषा’ असं जोडा. न येणाऱ्या भाषेचं काम आलं तर दुसऱ्याला द्यायचं, तो तिसऱ्याला देतो. ही साखळी कुठेतरी एका अशा माणसापाशी संपते ज्याला ती भाषा खरोखर येते. त्याला सगळ्यात कमी मिळतात.

बाळशास्त्री जांभेकरांना मराठी, संस्कृत, गुजराती, बंगाली, कन्नड, फारसी, इंग्रजी, फ्रेंच, लॅटिन अशा कितीतरी भाषा येत. त्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, एका पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी. १८४० साली ते बंद पडलं. एवढा विद्वान माणूस, पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. ती पुढच्या पायरीत आहे.

४. शिक्का करा.

गोल करा. लांबट शिक्का ‘पैसे मिळाले’चा वाटतो. गोल शिक्क्यात कडेने अक्षरं फिरली पाहिजेत आणि मध्ये एक तारा हवा. शाई जांभळी. निळीवर सहीचा संशय येतो.

आता नीट ऐका, या धंद्याचं गुपित इथे आहे. फ्रान्स-जर्मनीत शपथ घेतलेल्या अनुवादकांची न्यायालयांत यादी असते. आपल्याकडे देशभर चालेल अशी यादीच नाही. मग अनुवाद खरा की खोटा हे कोण सांगणार? ती सोय १९५२च्या नोटरी कायद्यात आहे. त्याच्या कलम ८ मध्ये नोटरीची कामं दिली आहेत आणि त्यात कुठल्याही दस्ताचा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करणं व अनुवाद पडताळणं हेही आहे. कुठल्या दोन भाषा, त्या नोटरीला याव्यात की न याव्यात, असल्या बारीकसारीक गोष्टींत त्या कलमाने वेळ घालवलेला नाही.

तेव्हा कुर्ला कोर्टाबाहेर जा. काळ्या कोटातले एक साहेब छत्रीखाली टेबल टाकून बसलेले असतील. त्यांच्यापुढे तुमचा अरबीतून केलेला इंग्रजी अनुवाद ठेवा, सोबत मूळ अरबी कागद. साहेब मूळ कागद हातात घेतील, उलटा धरतील, तुम्ही हळूच सुलटा करून द्या, ते मान डोलावतील. मग रजिस्टरात नोंद, तिकीट, लाल गोल सील, सही. वेळ: चहा निवेपर्यंत. यानंतर तो अनुवाद खरा झाला. तुम्ही रात्री दोनपर्यंत जागून जे केलं होतं ते नुसतं टायपिंग होतं.

सोबत प्रतिज्ञापत्र लागेल: ‘मला दोन्ही भाषा उत्तम अवगत आहेत.’ २०२४च्या ऑक्टोबरात शंभराच्या स्टॅम्पपेपरवरची कामं पाचशेवर गेली. गिऱ्हाइकाने वाद घातला तर सरकारकडे बोट दाखवा. शंभराच्या, पाचशेच्या कागदाबद्दल लोक कुरकुरत का होईना, पण देतात. त्यावर काय लिहिलंय त्याचे पैसे मागितले की दचकतात.

५. दर ठरवा. म्हणजे तो ठरलेला आहे, तुम्ही तो ऐका.

‘शब्दाला काय घेता?’ हा पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतली कंपनी सेंटात बोलते, दिल्लीतली एजन्सी रुपयात, आणि तुमच्यापर्यंत येईस्तो ते पैशात आलेलं असतं. मराठी शब्द लांब असतात, विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय पोटात घेऊन बसतात, म्हणजे इंग्रजी पाच शब्दांचे आपले तीन होतात. मोजणी मराठीची धरायची की इंग्रजीची हे आधी विचारा. उत्तर नेहमी ‘जी कमी भरेल ती’ असं येईल.

पूर्वजांकडे बघून धीर घ्या. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली काढला, तब्येत बिघडून विलायतेला गेला, परत आला, आणि १८५७ साली साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती पुरी केली. हाताखालच्या ब्राह्मण शास्त्र्यांनी शब्द गोळा केले, मुखपृष्ठावर नावं साहेबांची. आज तो कुर्ल्यात हेच काम घेऊन बसला असता तर रुपया शब्दाने साठ हजार झाले असते, वजा दहा टक्के टीडीएस. शिवाय एजन्सीने कळवलं असतं की यातले चाळीस हजार शब्द पहिल्या आवृत्तीत होतेच, सॉफ्टवेअर त्यांना ‘रिपीट’ दाखवतंय, त्यांचे पैसे मिळणार नाहीत.

६. गिऱ्हाईक ओळखा.

कुर्ल्यातलं सगळ्यात खरं काम माझ्या मते निकाहनाम्याचं. उर्दूतून इंग्रजीत. नवरा कुवेतला, बायकोचे कागद चाललेत, आणि तिचा भाऊ प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढतो. कागद चार घड्यांचा. एक घडी बरोबर नवरीच्या वडिलांच्या नावावरून गेलेली. काझीसाहेबांचा शिक्का मेहेरच्या रकमेवर बसलेला. तारीख हिजरी सनाची. एका साक्षीदाराने सही केलीय, दुसऱ्याने अंगठा.

तुम्हाला वाटेल, आता आपली उर्दू कामी येणार. येईल, तिला पाचेक मिनिटं लागतील. बाकीचा वेळ स्पेलिंगांचा. नवरीचं आडनाव पासपोर्टवर एका अक्षराने लांब, आधारवर आखूड, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘मोहम्मद’ पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसतं ‘मो.’. वकिलातीतल्या माणसाला उर्दू येत नाही, पण अक्षरं मोजता येतात. तेव्हा तिन्ही कागद शेजारी ठेवा, पेन्सिलने एकेक अक्षर जुळवा, आणि भावाला विचारा. भाऊ म्हणेल, ‘जो ठीक लगे वो डाल दो.’ ते कधीही करू नका. त्याच्याकडून लिहून घ्या.

काम झालं की तो पानं उलटून बघेल आणि म्हणेल, ‘बस, इतनाच?’ एवढीशी दोन पानं पाहून त्याला फसल्यासारखं वाटतं. म्हणून मार्जिन मोठी ठेवा, ओळींत अंतर सोडा, आणि एक कोरं कव्हर जोडा. कव्हरवर शिक्का.

७. यंत्राशी भांडू नका.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली अनुवाद करणारं ‘सुवास’ आणलं, केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’. तुमचं गिऱ्हाईक फोनमध्ये अनुवाद करूनच येतं आणि म्हणतं, ‘फक्त नजर फिरवा.’ नजर फिरवण्याचा भाव अनुवादाच्या भावाहून बराच कमी असतो, आणि वेळ दुप्पट लागतो. फिरवा.

८. क्लास काढा.

अनुवादाने भागत नाही हे आतापावेतो कळलं असेल. मग शिकवा. मात्र साहित्य-बिहित्याच्या नादी लागू नका, जर्मन घ्या. जर्मनीत नवऱ्याकडे जायचं तर बायकोला २००७ पासून ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं, ही एक कायमची शिदोरी. शिवाय २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचा: नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर. जाहिरातीत ‘जर्मन शिका’ लिहू नका, ‘जर्मनी’ एवढंच लिहा, मोठ्या अक्षरांत.

पहिल्याच दिवशी विद्यार्थी विचारेल, ‘सर, ए-वन किती दिवसांत?’ त्याला क्रियापद वाक्याच्या शेवटी का जातं यात रस नाही. आपल्याकडेही ते शेवटीच येतं, हे दाखवून तुम्ही खूश व्हाल. तो घड्याळ बघेल, त्याला नेरळची गाडी पकडायची असते. आणि एक सूचना. ग्योटे हे परीक्षेचं नाव आहे. तो कवी होता असं सांगून मुलांना उगाच गोंधळात टाकू नका.

९. मोडी असेल तर काढून ठेवा.

हा खरा जॅकपॉट, आणि तो लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

वर्षानुवर्षं मोडी शिकायला येणारी माणसं ठरलेली होती. पुराभिलेख खात्याच्या वर्गात निवृत्त बँकवाले, गडकिल्लेवाले, एखादी इतिहासाची विद्यार्थिनी. आधी शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायची आणि हात उचलायचा नाही, यात त्यांना अपार सुख मिळे. घरचे विचारत, ‘उपयोग काय?’ आणि ही माणसं ओशाळून हसत.

मग २०२३चा सप्टेंबर आला. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, आणि जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायचं ठरलं. कागद तहसिलांत, शाळांत, भूमी अभिलेखात, तुरुंगांत. त्यातले कितीतरी मोडीत. जिल्हाधिकारी कार्यालयांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. पन्नास लाखांवर नोंदी सापडल्याचे आकडे आले. ओशाळून हसणारे काका एकदम ‘सर’ झाले.

तुमच्याकडेही माणसं येतील. नेहरूनगरच्या म्हाडा वसाहतीतलं एखादं कुटुंब, गाव साताऱ्याकडचं, हातात कोतवाल बुकाच्या पानाची झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स, म्हणजे डाग अक्षरांसारखे आणि अक्षरं डागांसारखी. गाव नमुना चौदा: कोण जन्मलं, कोण गेलं, कशाने गेलं. तुम्ही भिंग काढा. एक ओळ लागते, मग दुसरी. एका घरात आठवड्याच्या अंतराने दोन मुलं पटकीने गेलेली. तिसऱ्या ओळीत त्याच घरी मुलगी झालेली, नाव अजून ठेवलेलं नाही. तुम्ही मोठ्याने वाचू लागता. खुर्चीतला माणूस पुढे वाकून पानावर बोट ठेवतो.

‘ते राहू दे साहेब. जात काय लिहिलीय तेवढं बघा.’

तेवढंच बघा. पानाचे पैसे घ्या, शब्दाचे घेऊ नका, कारण शब्द एकच लागतो. तो सापडला तर तुमचा फोटो काढतील, पेढे येतील. नाही सापडला तर ‘नीट बघा’ म्हणतील, मग ‘अजून नीट बघा’, मग खुर्ची आणखी पुढे ओढून, आवाज खाली आणून, तुमचा भाव स्वतःच वाढवतील. इथे हात आवरा. जात पडताळणी समितीपुढेही मोडी वाचणारा कुणीतरी बसलेला असतो, आणि तो बहुधा तुमच्याच वर्गात शिकलेला असतो.

१०. वसुली.

उद्यम नोंदणी करून घ्या. २००६च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योजकाचे पैसे करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत मिळायला हवेत, आणि आता न दिल्यास देणाऱ्याला आयकरात तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. नोंदणी झाल्याचं तुम्ही एजन्सीला अभिमानाने कळवाल. एजन्सी अभिनंदन करेल आणि पुढचं काम ज्याची नोंदणी नाही त्याला देईल. टीडीएस कापल्याचा मेसेज आला तर आनंद माना; दहा टक्के तरी सरकारला मिळाले, म्हणजे उरलेले कुठेतरी आहेत.

फोन सकाळी करू नका, ‘सर मीटिंगमध्ये आहेत.’ जेवणानंतर करू नका, ‘अकाउंट्सवाले गेले.’ महिनाअखेर करू नका. महिन्याच्या सुरुवातीलाही.

११. पार्सल शिवायला शिका.

हे शेवटचं, पण टाळू नका. मुंबईच्या जीपीओबाहेर ताडपत्रीखाली पत्रलेखक बसत. गावाकडच्या आयांना, मनीऑर्डरीवर जगणाऱ्या बायकांना त्यांनी हव्या त्या भाषेत लाखो अक्षरं लिहून दिली. आधी फोन आला, मग मोबाइल. त्यांच्यापैकी जे टिकले ते पार्सलं बांधून, कापडात शिवून, फॉर्म भरून देऊ लागले.

तेव्हा कापड मांजरपाट घ्या, स्वस्त पडतं. सुई गोणपाटाची, दोरा दुहेरी. टाके जवळजवळ, कोपऱ्यावर दुमडून. पत्ता कापडावर मार्करने, पाणी लागलं तरी पुसायला नको. पाठवणाऱ्याचा पत्ता खाली डाव्या बाजूला, आणि पिनकोड विचारूनच घाला: कुर्ला पश्चिम ४०००७०, नेहरूनगर ४०००२४. लोक हमखास उलटा सांगतात.